गाईचं गाईले

माझ्या सासूबाईंच्या उजव्या अंगठ्याचं नख आमच्या गावात प्रसिद्ध होतं. हसू नका. कुठल्या गावात कोणाचा गळा प्रसिद्ध असतो, कुठे कोणाचं भांडण. आमच्याकडे रुख्माबाईंचं नख होतं. जाड, पिवळट, मधोमध जरासं खोलगट झालेलं. त्या नखावर त्यांनी चाळीस वर्षं गोचिडी फोडल्या होत्या.

ज्यांनी गोचीड पाहिली नाही त्यांना सांगते. जनावराच्या अंगाला चिकटून रक्त पिणारा हा किडा. आधी तिळाएवढा असतो, पिऊन पिऊन भिजवलेल्या चण्याएवढा होतो. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, कासेजवळ, जिथे गाईची जीभ पोचत नाही नेमकी तिथे ही बसते. अक्कल पाहा मेलीची.

मी नालवाडीची. वडील वर्ध्याला कचेरीत कारकून, घरात एकही जनावर नाही, दूध रतिबाचं. सातवी पास झालेली, नाकावर राग असलेली मुलगी. त्रेपन्न साली लग्न होऊन समुद्रपुराहून तीन कोसांवरच्या या खेड्यात आले आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या घोट्याला एक गोचीड चिकटलेली सापडली. मी असा आरडाओरडा केला की शेजारच्या सीताबाई पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या. सासूबाईंनी शांतपणे ती ओढून काढली, नखावर टिचकन फोडली आणि म्हणाल्या, "नवी सून पसंत पडली तिले." पुढे वर्षभर गावातल्या बायका मला पाहून तेच म्हणत हसायच्या.

आमच्या गोठ्यात चार बैल आणि तीन गाई, सगळी गवळाऊ जातीची, पांढरीशुभ्र. सासूबाई सकाळी गोठ्यात शिरल्या की धवळी गाय आपणहून मान खाली घालायची आणि एक कान पुढे करायची. तो झाला की दुसरा. सासूबाईंची बोटं कानात फिरायची आणि गाय डोळे मिटून उभी राहायची. पाहणाऱ्याला वाटावं, केसांत तेल घालून घेते आहे. मला किळस यायची आणि तरी मी दारात उभी राहून रोज पाहत असे. अशी जादू मी शहरात कधी पाहिली नव्हती.

त्यांची एक रीत होती. गोचीड फोडली की तिचं रक्त त्या बोटाने त्याच गाईच्या कपाळाला लावायच्या. धवळीचं धवळीला, दुसरीचं दुसरीला, कधी चुकायच्या नाहीत. गोचीड चुलीत टाकायची नाही, पायाखाली चिरडायची नाही. पोटात गाईचं रक्त आहे, ते जाळायचं कसं, तुडवायचं कसं? मी एकदा मातीच्या तेलाचा डबा पुढे केला, यात बुडवा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरले. "गाईचं गाईले," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या सासूनेही असंच केलं होतं, तिच्या सासूनेही.

चोपन्नच्या श्रावणात समुद्रपूरच्या जनावरांच्या दवाखान्यातले प्रभाकरराव आमच्या गावात आले. त्यांना तपासणीसाठी चार टपोऱ्या गोचिडी हव्या होत्या. त्यांनी सगळ्या घरांत रिकाम्या बाटल्या वाटल्या आणि आठ दिवसांनी येतो म्हणून गेले. नाल्याला पूर आला, ते काही आले नाहीत. मी आमची बाटली तोंडाला फडकं बांधून फळीवर ठेवली होती, ती विसरूनच गेले. आत एकच गोचीड होती, बाकीच्या सासूबाईंच्या नखातून सुटल्या नव्हत्या.

दहाव्या दिवशी मिठाची बरणी काढताना ती बाटली हाताला लागली. उजेडात धरली आणि जागेवर थबकले. गोचिडीच्या तोंडापुढे तपकिरी, चकचकीत ढीग साचला होता. खसखशीहून बारीक दाणे, आणि ढीग तिच्या अंगापेक्षा मोठा. मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, वाचायचा चष्मा मी गुपचूप उचलला आणि काचेवर धरून पाहू लागले. ती अजून अंडी घालत होती. एक अंडं बाहेर आलं की ती डोकं खाली वाकवायची, ते अंडं तोंडाशी घ्यायची, त्याला काहीतरी पुसल्यासारखं करायची आणि ढिगावर ठेवायची. मग दुसरं. घाई नाही, गडबड नाही. एवढ्या अंड्यांतलं एकही तिने नुसतं टाकून दिलं नव्हतं. तिचं चण्यासारखं अंग आता सुकलेल्या मनुक्यासारखं झालं होतं.

मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा धरला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. चुलीवर भात लागल्याचा वास आला तरी कोणी उठलं नाही. मग त्या खाली बसल्या.

"इतके वर्स मी हिचं पोट फोडून राह्यली," त्या म्हणाल्या, "पन पोटात काय हाये, ते नाई पाह्यलं कधी."

दुसऱ्या दिवशी गोचीड मेली होती. अंडी सगळी जागेवर. सासूबाईंनीच उकळतं पाणी आणून बाटलीत ओतलं, पण ओतण्याआधी हात जोडले. मीही जोडले. कोणाला जोडले ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. भीती होती, आदरही होता. एवढंसं पोट आणि त्यात अख्खं गाव मावलेलं, हे पाहून माणसाने दुसरं करावं तरी काय?

हे सगळं मी माझ्या भावाला लिहून कळवलं. श्रीनिवास माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. डॉक्टर होऊन लढाईत आसामच्या जंगलात फौजेबरोबर गेला होता आणि आता वर्ध्याला त्याचा स्वतःचा दवाखाना होता. एरवी त्याचं उत्तर म्हणजे चार ओळी. या वेळी चार पानं आली. आसामात गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने तापाने फणफणलेले शिपाई त्याने पाहिले होते. तसाच एक ताप आपल्याकडे गोचिडीपासून येतो, असं त्याने लिहिलं होतं. तापाचं विष गोचिडीच्या पोटात असतं आणि ती मेली तरी ते मरत नाही, अंड्यांतून पोरींना मिळतं. गोचीड चावली तर धोका आहेच, पण ती नखावर फोडली आणि बोटाला चीर असली, तर विष सरळ रक्तात जातं. सासूबाईंना सांग, खाली जाड रेघ ओढून लिहिलं होतं, नखावर फोडू नका.

मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "तुह्या भावाले लढाईत गोचिडीच भेटल्या का?" आणि मी, जिला एरवी बोलल्याशिवाय राहवत नाही, मीही हसले. चाळीस वर्षं काही झालं नाही, आता काय होणार? हे मी स्वतःला म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं, आणि अजून लाज वाटते.

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. आमच्या घरी त्याआधी बैल गोचिडींपासून मोकळे करायचे, हा सासूबाईंचा नेम होता. पाहुणा जेवायला येणार आणि त्याचं रक्त दुसरंच कोणी पीत बसलेलं, हे त्यांना चालत नसे. त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत त्या चार बैलांखाली बसल्या. शेतातलं तण निंदून त्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या होत्या. संध्याकाळी हात धुतले तेव्हा अंगठा चुरचुरतो म्हणाल्या आणि त्यावर हळद दाबली.

पोळ्यानंतर आठव्या दिवशी त्यांना ताप भरला. डोकं फुटतं म्हणून त्या भिंतीला कपाळ टेकून बसत, डोळे लालभडक. चौथ्या दिवशी मनगटांवर आणि घोट्यांवर लाल ठिपके उठले, मग तळहातावर, तळपायावर. मामाजींनी ते पाहिले, एक पाऊल मागे सरले आणि हात जोडले.

"मातामाय आली," ते म्हणाले.

आमच्याकडे देवीचा रोग म्हणत नाहीत. मातामाय घरी पाहुणी आली म्हणतात. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद, आमच्या ह्यांची दाढी बंद, माझं केस विंचरणं बंद. चपला अंगणाबाहेर. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे माय जिच्या अंगात आहे ती बाई आता बाई राहत नाही. तिच्या तोंडून निघेल तो शब्द मायचा, तो मोडायचा नाही. सासूबाई तापात आंबील म्हणाल्या, आंबील आली. धवळी, धवळी पुटपुटल्या, तर मामाजींनी गाय खोलीच्या दाराशी आणून उभी केली. ज्या माणसाने जन्मभर बायकोने मागितलेलं लुगडंसुद्धा पुढच्या दिवाळीवर ढकललं, तो आता तिच्या पायांशी बसून विचारत होता, काही चुकलं का माय.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. सासूबाईंच्या गालांवर देवीचे जुने व्रण होते. त्यांना लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या, आणि त्या एकदा आल्या की पुन्हा येत नाहीत हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी तसं म्हटलं, तर मामाजी म्हणाले की माय दुसऱ्यांदा आली म्हणजे रागावून आली. शिवाय ठिपक्यांत पाणी भरत नव्हतं. आणि अंगठ्याच्या चिरेवर एक काळी खपली धरली होती, जी आदल्या दिवशी नव्हती. मला श्रीनिवासचं पत्र आठवलं. मग सीताबाई आठवल्या. मागच्या भादव्यात त्यांनाही अशीच माय आली होती, फोड न भरताच सहाव्या दिवशी त्या गेल्या. त्यांच्याही दारात दोन गाई होत्या.

मी आमच्या ह्यांना गोठ्यात गाठलं. ते बोलायला कमी. बापापुढे तर तोंडच उघडत नसत. मी सगळं सांगितलं, ते बैलाच्या शिंगावर हात ठेवून ऐकत राहिले. मग सायकल काढली, समुद्रपुराला गेले, तिथून सरकारी मोटारीने वर्ध्याला. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीनिवासला घेऊन परत आले.

मामाजी उंबरठ्यावर बसले होते. ते ओरडले नाहीत. आधी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला.

"डॉक्टरसाहेब, तुमी आमचे पाहुने," ते म्हणाले, "पन या उंबरठ्याच्या आत दवाई नाई येत."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना चिंधू नावाचा धाकटा भाऊ होता. बारा वर्षांचा, गुरं राखायचा. त्याला माय आली तेव्हा मामाजी वीस वर्षांचे होते. कोणाचं न ऐकता ते पायी हिंगणघाटला गेले, डॉक्टरकडून बाटली आणली आणि आपल्या हाताने त्याला पाजली. चिंधू संध्याकाळी गेला. गाव म्हणालं, मायचा अपमान झाला. तेव्हापासून या घरात औषधाची बाटली आली नव्हती. हे सांगताना ते स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होते. मला त्यांचा राग राग आला होता, तो कुठे गेला ते कळलंच नाही.

श्रीनिवास उंबरठा ओलांडून गेला नाही. तो घराच्या मागे खिडकीशी गेला. मी आतून सासूबाईंचा हात उचलून गजांशी धरला. त्याने तळहात पाहिला, अंगठ्यावरची खपली पाहिली, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग एक पुडी माझ्या हातात दिली. टोपी घातल्यासारख्या गोळ्या होत्या, तशा मी कधी पाहिल्या नव्हत्या. लढाईनंतर निघालेलं औषध आहे, दर सहा तासांनी दोन, असं म्हणून त्याने मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. आजच सुरू झालं पाहिजे. उद्या संध्याकाळी दिलंस तर मला काही सांगता येणार नाही. एवढं बोलून तो ह्यांच्याबरोबर देवळाच्या ओट्यावर जाऊन बसला.

मी गोळ्या पदरात बांधल्या आणि सासूबाईंजवळ बसले. मामाजी पूजेची तयारी करायला गेले होते, खोलीत आम्ही दोघीच. मी लिंबाच्या डहाळीने वारा घालत त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. बाटली, अंडी, पत्र, अंगठा, सीताबाई.

"आत्याबाई, हे माय नाई. हे गोचिडीचं हाये. गोळी घ्या."

पदराची गाठ सोडली, गोळी त्यांच्या ओठांशी नेली. त्यांनी डोळे उघडले. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी पोटच्या मुलालाही ओळखलं नव्हतं. मला ओळखलं की नाही कोण जाणे. ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली. मी तीनदा प्रयत्न केला. चिडले, रडले, कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षं गोचिडी फोडणाऱ्या बाईला हात धरून कोण काय पाजणार? शेवटी गोळ्या परत पदरात बांधल्या. आता ही बाई जाणार आणि औषध माझ्या कमरेला खोचलेलं असताना जाणार, एवढंच मला दिसत होतं.

दिवेलागणीला गावातल्या बायका जमल्या. कलश मांडला, लिंबाचा पाला वाहिला, ओव्या झाल्या. खोली माणसांनी भरली होती, दारात गावचे पाटील बापूराव अनवाणी उभे होते. मामाजींनी रोजच्याप्रमाणे पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "माय, काही चुकलं असन त सांग. काय पाहिजे तुले?"

सासूबाई उठून बसल्या. चार दिवस ज्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती, त्या आपल्या आपण उठून बसल्या. केस मोकळे, डोळे लाल, कपाळावर कुंकवाचा मळवट. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून ठेवली. आवाज त्यांचा नव्हता. जाड होता, खालून आल्यासारखा.

"सुनेच्या पदरात बांधलं हाये," त्या म्हणाल्या. "ते पाहिजे. तिच्याच हातानं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मीच बांधलेली गाठ मला सोडता येईना. मामाजी माझ्याकडे वळले. पदरात काय आहे हे त्यांना कळलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी वाकून कलशापुढचा तांब्या उचलला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

सासूबाईंनी तोंड उघडलं. मी दोन गोळ्या जिभेवर ठेवल्या, मामाजींनी पाणी पाजलं. आपल्या उजव्या हाताने. गोळ्या गिळून सासूबाई मागे कोसळल्या. बायकांनी जयजयकार केला.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. मायने मागितलं म्हटल्यावर मामाजींपुढे दुसरा प्रश्नच उरला नव्हता. उरलेल्या गोळ्या त्यांनी कलशापाशी ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. श्रीनिवासचं घड्याळ गळ्यात दोऱ्याने बांधलं आणि दर सहा तासांनी, एक मिनिट इकडचं तिकडे न होऊ देता, मला हाक मारून तांब्या घेऊन उभे राहू लागले. मी जन्मात असा वक्तशीर माणूस पाहिला नाही. शाळेच्या इन्स्पेक्टरने पाठ थोपटली असती. दवाखान्यात नर्सनेही इतकं केलं नसतं, असं श्रीनिवास म्हणाला. तो बापूरावांच्या ओसरीवर मुक्काम ठोकून होता.

पहिला दिवस काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांना नावाने हाक मारली, तानबा म्हणून. तिसऱ्या दिवशी पहाटे मी कपाळावर हात ठेवला, तर कपाळ घामाने भिजलेलं आणि थंड. मी तो हात तसाच ठेवून बसले. मरणाच्या दारातलं माणूस दोन बोटांच्या चिमटीत मावणाऱ्या गोळीने परत येतं, हे मी पाहिलं. आणि ती गोळी त्या माणसाच्या तोंडात जाण्यासाठी मातामायला यावं लागलं, हेही पाहिलं. दोन्हींतलं जास्त अचंब्याचं कोणतं, ते मला आजही ठरवता येत नाही. पाचव्या दिवशी त्यांनी ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा मागितला, आणि आंबिलीला नावं ठेवली.

मायची बोळवण झाल्यावर मामाजींनी श्रीनिवासला घरात बोलावलं, पाटावर बसवलं. जेवण झाल्यावर श्रीनिवासने हळूच विचारलं, चिंधूच्या अंगावरच्या फोडांत पाणी भरलं होतं का. मामाजींना आठवायला वेळ लागला नाही.

"नाई. लाल ठिपकेच होते. तळहाताले बी होते."

श्रीनिवास म्हणाला की मी पाहिलेलं नाही, छातीठोकपणे सांगत नाही. पण तेव्हा या तापावर कोणाकडेच औषध नव्हतं. तुम्ही पाजलं म्हणून तो गेला नाही. मामाजी मान डोलावत राहिले. मग उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ तिथेच होते. आम्ही कोणी मागे गेलो नाही.

दसऱ्याच्या सुमारास सासूबाई पुन्हा गोठ्यात आल्या. काठी टेकत आल्या, पण आल्या. मी आधीच तिथे होते, बोटांना फडकं गुंडाळून धवळीच्या कानाशी झगडत होते. धवळी मला जवळ उभं राहू देत नव्हती. बाजूला उकळत्या पाण्याचं पातेलं होतं. गोचीड काढायची आणि त्यात टाकायची, फोडायची नाही. पाणी निवलं की धवळी चरते त्या बांधावर नेऊन ओतायचं, म्हणजे गाईचं गाईला गेलं. ही तोड सासूबाईंनीच अंथरुणात पडल्या पडल्या काढली होती. गावातल्या बायका आता त्यांचं पाहून तसंच करत होत्या. माझं किंवा डॉक्टरचं ऐकून एकीनेही केलं नसतं.

मी त्यांच्या बोटांना फडकं बांधून दिलं. त्या खाली बसल्या. गाईने लगेच मान खाली घातली आणि कान पुढे केला. इतके दिवस मनात घोळत होतं ते मी तेव्हा विचारलं. त्या दिवशी संध्याकाळी कोण बोललं, तुम्ही की माय?

त्या कानात पाहत राहिल्या. म्हणाल्या, काही आठवत नाही. आंबील आठवते, धवळी दारात होती ते आठवतं, त्यापुढे सगळा धूर. मी म्हटलं, मग दुपारी माझ्या हातून का घेतली नाही? दुपारी घेतली असती तर चार तास आधी औषध पोटात गेलं असतं.

त्यांचा हात थांबला.

"दुपारी तू अन मी दोघीच होतो," त्या म्हणाल्या. "लपून घेतली असती अन मी मेली असती, त तुले या घरात कोनी जगू देलं नसतं. तुह्या मामाजीचा उजवा हात पाह्यला ना तू? तसा तुहा झाला असता."

मी पातेलं त्यांच्या हाताजवळ सरकवलं. एक गोचीड निघाली, त्यांनी ती पातेल्यात टाकली. अंगठा नेहमीच्या सवयीने गाईच्या कपाळाकडे गेला, तिथे रक्त लावायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी नुसतंच कपाळ चोळलं. धवळीने दुसरा कान पुढे केला.